वॉल्डनच्या रानाचं देणं

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरापासून वीसेक मैलांवर कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. त्या देशाच्या इतिहासात या गावाला मोठा मान. १९ एप्रिल १७७५ रोजी इथल्या नदीवरच्या लाकडी पुलापाशी शेतकऱ्यांनी इंग्रज शिपायांवर बंदुका रोखल्या, आणि त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं. तो पूल पाहायला माणसं लांबून येतात. पण पूल पाहून झाला की त्यांतली कितीतरी जण गावाच्या दक्षिणेला दीड मैलावरच्या एका तळ्याकडे वळतात. त्या तळ्याचं नाव वॉल्डन.

तळं तसं लहानच, साठेक एकरांचं. हजारो वर्षांपूर्वी हिमनदी मागे सरली तेव्हा बर्फाचा एक प्रचंड तुकडा जमिनीत रुतून राहिला. तो वितळला आणि त्या खळग्यात हे तळं झालं. त्याला येऊन मिळणारा ओढा नाही, त्यातून निघणाराही नाही. काठाकाठाने जाणारी पायवाट पावणेदोन मैलांची आहे. रमतगमत चाललं तरी तासाभरात प्रदक्षिणा पुरी होते. पाइनच्या सुया पडून मऊ झालेली ही वाट उत्तरेकडच्या एका वळणावर थोडी वर चढते आणि झाडीत दगडी खांबांनी आखलेली एक चौकट दिसते. रुंदी दहा फूट, लांबी पंधरा फूट. शेजारी दगडांची एक रास आहे. १८७२ पासून येणारे-जाणारे तिथे एकेक दगड ठेवत आले आहेत. आपल्याकडे देवाच्या वाटेवर दगडावर दगड रचून ठेवतात, तसंच काहीसं.

या चौकटीच्या जागी एके काळी हेन्री डेव्हिड थोरो याची खोपटी होती.

थोरोचं नाव आपल्याकडे दोन वाटांनी आलं. एक वाट गांधीजींची. अन्यायी सरकारला सहकार्य नाकारणं हा नागरिकाचा धर्म आहे, हे सांगणारा थोरोचा निबंध त्यांनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि १९०७ मध्ये आपल्या ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा परिचय करून दिला. दुसरी वाट दुर्गाबाई भागवतांची. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाईंनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आणि ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे सुंदर नाव त्याला दिलं. या दोन वाटांनी सत्याग्रही थोरो आला, चिंतक थोरोही आला. मात्र कॉन्कॉर्डच्या गावकऱ्यांना ठाऊक असलेला तिसरा थोरो मागेच राहिला. ज्याच्या हातून गावचं रान जळालं, आणि त्यानंतर आयुष्यभर जो त्याच रानातून चालत राहिला, तो हा थोरो.

पेन्सिलवाल्याचा मुलगा

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ चा, कॉन्कॉर्डचाच. वडील जॉन थोरो पेन्सिली बनवत. आई सिंथिया बोलघेवडी, करारी आणि गुलामगिरीची कट्टर विरोधक. घरात पैसे देऊन राहणारी माणसं ठेवून ती संसाराला हातभार लावी. चार भावंडांत हेन्री तिसरा. घरची ओढाताण असूनही त्याला हार्वर्डला पाठवलं गेलं आणि १८३७ मध्ये तो पदवी घेऊन परतला.

लगेच त्याला गावच्या शाळेत नोकरी लागली आणि ती पंधरवडाभरच टिकली. शाळा कमिटीच्या एका सभासदाने वर्गात छडी चालत नाही म्हणून नाराजी दाखवली. थोरोने काही मुलांना कारणाशिवाय छड्या मारल्या आणि राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्याने आणि थोरल्या भावाने, जॉनने, स्वतःची शाळा चालवायला घेतली. तिथे छडी नव्हती. दोघे भाऊ मुलांना वरचेवर रानात आणि नदीवर घेऊन जात, फुलं ओळखायला शिकवत, शेतातून मूळच्या रहिवाशांच्या बाणांची दगडी टोकं वेचत.

जॉन मनमिळाऊ, हेन्री अबोल आणि टोकदार. तरी दोघांचं सूत असं की १८३९ मध्ये स्वतःच्या हातांनी होडी बांधून ते कॉन्कॉर्ड आणि मेरिमॅक नद्यांच्या सफरीवर निघाले. त्याच सुमारास दोघांचंही मन एलन स्यूअल नावाच्या एकाच मुलीवर जडलं. आधी जॉनने मागणी घातली, मग हेन्रीने. नकार दोघांनाही मिळाला. हेन्रीने पुढे कधी लग्न केलं नाही.

१८४२ च्या पहिल्या दिवशी वस्तऱ्याला धार लावताना जॉनचं बोट कापलं. जखम किरकोळ होती, पण धनुर्वात झाला आणि ११ जानेवारीला जॉनने भावाच्या मिठीत प्राण सोडला. त्यानंतर काही दिवसांत हेन्रीचाही जबडा आखडू लागला. अंगावर जखम नव्हती, तरी लक्षणं तीच! घरच्यांची पाचावर धारण बसली. तो त्यातून उठला, पण पुढे आयुष्यभर जॉनविषयी बोलणं निघालं की त्याचे डोळे भरून येत.

एक ठिणगी

३० एप्रिल १८४४. थोरो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. नोकरी नाही, नाव नाही. वडिलांच्या कारखान्यात ग्रॅफाइट दळून पेन्सिली सुधारण्याचा उद्योग चाललेला. त्या दिवशी एडवर्ड होअर या हार्वर्डच्या विद्यार्थ्याबरोबर तो होडीतून सडबरी नदीवर निघाला. मासे मिळाले. नदी जिथे रुंद होऊन एखाद्या तळ्यासारखी पसरते त्या फेअरहेवन नावाच्या जागी दोघे काठाला लागले. वाटेत एका चांभाराकडून मागून घेतलेली काडी होती. एका पाइनच्या बुंध्यात त्यांनी चूल पेटवली.

बरेच दिवस पाऊस नव्हता. बुंध्याभोवतीचं गेल्या वर्षीचं गवत वाळून कोळ झालं होतं. ठिणगी त्यात पडली. दोघांनी हातांनी, पायांनी, होडीतल्या फळीने आग झोडपली. पण ती उताराने वर धावत गेली आणि रानात शिरली. एडवर्ड होडीतून आणि थोरो रानातून धावत गावाकडे निघाले. वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याने ते आपलं रान नाही म्हणून काणाडोळा केला. दुसरा एक जण त्याच्याबरोबर आला. वणव्याची रुंदी पाहून तो मदत आणायला गावाकडे पळाला आणि थोरो, दोनेक मैल धावून दमलेला, फेअरहेवनच्या कड्यावर जाऊन बसला. खाली आपणच लावलेली आग पुढे सरकताना तो बघत राहिला. गावाची घंटा वाजली, माणसं कुऱ्हाडी-फावडी घेऊन आली, तेव्हा तो खाली उतरून त्यांना सामील झाला.

त्या वेळच्या वर्तमानपत्राने तीनशेहून अधिक एकर रान जळाल्याचं आणि दोन हजार डॉलरांहून अधिक नुकसान झाल्याचं छापलं. एडवर्डचे वडील गावातले वजनदार वकील. त्यांच्यामुळेच प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही असं मानलं जातं. पण गावाचं तोंड कोण धरणार? पेन्सिलवाल्याचा शिकलेला, निरुद्योगी मुलगा आता रान जाळणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्षानुवर्षं त्याच्या पाठीमागे हा शब्द कुजबुजला जाई.

थोरो रोज रोजनिशी लिहिणारा माणूस. पण या घटनेची सविस्तर नोंद त्याने केली ती सहा वर्षांनी, १८५० मध्ये. तीही कबुलीपेक्षा कैफियतच जास्त. आग लावणारी वीज कुणाची क्षमा मागत नाही, अशा धाटणीचा तिचा सूर आहे. ‘वॉल्डन’मध्ये तर हा वणवा एका लांबलचक वाक्याच्या पोटात, जाता जाता, अर्ध्या ओळीत येऊन जातो. रान जळालं तर, मग ते चुकून माझ्याच हातून का जळालेलं असेना, मालकांहूनही अधिक दिवस मला दुःख झालं, असा त्याचा मतलब. एवढंच.

अर्ध्या सेंटपर्यंतचा हिशेब

त्याच वर्षी, १८४४ च्या शरद ऋतूत, थोरोचा वडीलधारा मित्र आणि नामवंत लेखक राल्फ वॉल्डो इमर्सन याने वॉल्डनकाठी थोडी जमीन घेतली. पुढच्या मार्चमध्ये थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन तिथे गेला. फळ्यांसाठी त्याने एका आयरिश रेल्वे मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरना विकत घेऊन मोडली. ४ जुलै १८४५ या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तो खोपटीत राहायला गेला. तिचा खर्च त्याने लिहून ठेवला आहे: २८ डॉलर साडेबारा सेंट. त्याने अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला, त्यात वर्षाअखेर ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट शिल्लक राहिले.

थोरो वनवासात गेला अशी आपली समजूत असते. ती काही खरी नाही. घर अर्ध्या तासाच्या चालीवर. गावात तो वरचेवर जाई, आईच्या हातचं जेवे. आई-बहिणीही त्याच्याकडे येत. तळ्याच्या एका टोकाला लागूनच १८४४ पासून आगगाडी धावत होती. त्याच्या आधी याच रानाच्या कडेने मुक्त झालेले गुलाम खोपटी घालून राहून गेले होते; त्यांची नावं त्याने आपल्या पुस्तकात नोंदवली आहेत. एकांतापेक्षा त्याला कामाला वेळ हवा होता. आणि काम होतं जॉनबरोबरच्या त्या नदीसफरीचं पुस्तक लिहिण्याचं. वॉल्डनची खोपटी मुळात गेलेल्या भावाचं स्मारक लिहिण्यासाठी उभी राहिली.

लिहून झालं की तो चाले. पहिल्याच हिवाळ्यात, तळं गोठलं असताना, होकायंत्र, साखळी आणि दोरीला बांधलेला दगड घेऊन त्याने तळ्याची मोजणी केली. या तळ्याला तळच नाही असा गावात समज होता. थोरोने बर्फाला भोकं पाडून शंभराहून अधिक ठिकाणी दोर सोडला आणि सांगितलं, सर्वांत खोल जागी १०२ फूट. आधुनिक यंत्रांनी केलेली मोजणी याच आकड्याच्या आसपास येते.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर शंभरांच्या संख्येने तळ्यावर आले. ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने थेट हिंदुस्थानात विकण्याचा धंदा काढला होता. १८३३ मध्ये पहिलं जहाज कलकत्त्याला आलं आणि पाठोपाठ मुंबईच्या बंदरातही हा बर्फ येऊ लागला. इकडे थोरो सकाळी इमर्सनकडून आणलेली भगवद्गीता वाचत असे, विल्किन्सने केलेल्या इंग्रजी भाषांतरात. वॉल्डनचं पाणी बर्फ होऊन गंगेच्या पाण्याला भेटणार, ही कल्पना त्याला फार आवडली. प्रत्यक्षात त्या वर्षी काठावर रचलेला बर्फाचा डोंगर बाजारापर्यंत गेलाच नाही. थोडा कुठेकुठे नेला गेला, बाकीचा वितळून पुन्हा तळ्यात आला. हेही थोरोनेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

१८४६ च्या जुलैत तो दुरुस्तीला दिलेला बूट आणायला गावात गेला आणि पकडला गेला. गुलामगिरी चालू देणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करणाऱ्या सरकारला त्याने काही वर्षं डोईपट्टी दिली नव्हती. रात्र कोठडीत गेली. सकाळी कुणीतरी, बहुधा घरच्याच कुणी, पैसे भरले आणि त्याला सोडलं. ते त्याला मुळीच रुचलं नाही. पण नंतर त्याने काय केलं? चांभाराकडून बूट घेतला आणि मुलामाणसांची टोळी घेऊन डोंगरावर हकलबेरी तोडायला निघून गेला. हकलबेरी म्हणजे तिकडची करवंदं-जांभळंच समजा. या एका रात्रीवर लिहिलेला निबंध पुढे जगभर गेला. गांधीजींचा लढा त्याआधीच सुरू झाला होता, पण आपल्या मार्गावर आधीच एक माणूस चालून गेल्याचं पाहून त्यांना बळ मिळालं. दुर्गाबाईंनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि १९७६ मध्ये त्या तुरुंगात गेल्या, तेव्हा ‘वॉल्डन’ त्यांच्या हातून मराठीत येऊन गेलेलं होतं.

रोजचे चार तास

६ सप्टेंबर १८४७ रोजी थोरोने खोपटी सोडली. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस तो तिथे राहिला. भावाच्या आठवणींचं पुस्तक १८४९ मध्ये निघालं आणि पडलं. हजारातल्या ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३ मध्ये परत पाठवल्या; त्या पाठीवरून जिना चढवून त्याने माळ्यावर रचल्या. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आलं. त्याच्या दोन हजार प्रती खपायला पाच वर्षं लागली. लेखणीवर पोट भरणं शक्य नव्हतं. म्हणून थोरो मोजणीदार झाला. लोकांच्या शेतांच्या आणि रानांच्या हद्दी साखळीने मोजून नकाशे करायचे, हा त्याचा धंदा. असे दीडशेहून अधिक नकाशे त्याने केले.

सकाळी लेखन किंवा मोजणी, दुपारी चालणं. दिवसातले किमान चार तास चालल्याशिवाय त्याला करमत नसे, आणि तेही शक्यतो रस्ता सोडून. वॉल्डनच्या काठाने फेअरहेवनच्या कड्यावर, सडबरीच्या पाणथळ कुरणांतून, उत्तरेच्या इस्टब्रुकच्या रानात, कधी फ्लिंट तळ्यावर, कधी व्हाइट तळ्यावर. वेश ठरलेला. डोक्यावर एक हॅट, तिच्या आत झाडपाला ठेवण्यासाठी शिवलेला कप्पा. काखेत जुन्या गाण्यांची वही, फुलं दाबून ठेवायला. खिशात छोटी दुर्बीण, पेन्सिल आणि दोरा. हातातल्या काठीवर इंचांच्या खुणा. इमर्सनच्या मुलांना तो काकासारखा वाटे. बेरी तोडायच्या मोहिमेचं पुढारीपण त्याच्याकडेच असे, कारण कुठल्या टेकडीच्या कोणत्या उतारावर फळ आधी पिकतं ते गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

१८५१ पासून त्याने पक्कं वेळापत्रकच मांडलं. कोणतं फूल कोणत्या तारखेला उमललं, कोणता पक्षी कधी परतला, वॉल्डनचा बर्फ कधी फुटला. तीनशेहून अधिक वनस्पतींच्या फुलण्याच्या तारखा त्याने नोंदवल्या. एका झाडाचं पहिलं फूल चुकू नये म्हणून तो एकाच दिवसात चार दिशांना मैल न् मैल जाई. गावकऱ्यांना वाटे, रिकामटेकडा माणूस!

पण या चालण्यात एक काटा होता. कॉन्कॉर्डमध्ये तेव्हा रान उरलं होतं जमिनीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच. बाकी सगळं शेतं आणि कुरणं. उरलेल्या झाडांवर घरोघरच्या चुली आणि आगगाडीची इंजिनं टपलेली. रानाचा तुकडा विकायचा किंवा तोडायचा, तर आधी मोजणी हवी. मोजणी करायची थोरोनेच. ज्या वाटेवर दुपारी तो फूल शोधायला जाई, तिच्यावर सकाळी साखळी ओढलेली असे. १८५८ च्या पहिल्या दिवशी त्याने रोजनिशीत खंत नोंदवली, की वॉल्डनचं रान इतक्या वेळा मोजलं की आता तिथे गेलं तरी मालकांच्या हद्दीच डोळ्यांपुढे येतात. एका वणव्यात जळालं त्याहून जास्त रान कुऱ्हाडीखाली जात होतं, आणि त्या कामातही त्याचा हात होता. पोटासाठी आपण सगळेच असं काही ना काही करत असतो. थोरोने निदान ते लिहून ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याने दोन गोष्टी केल्या. एप्रिल १८५९ मध्ये वॉल्डनकाठच्या इमर्सनच्या जमिनीत, दोनेक एकरांत, चारशे पाइनची रोपं लावली. आणि ऑक्टोबरमध्ये एक विचार मांडला: प्रत्येक गावाने पाचशे-हजार एकरांचं एक रान कायमचं राखावं, त्यातली काटकीही सरपणाला तोडू नये, ते सगळ्यांचं असावं. अमेरिकेत तेव्हा राष्ट्रीय उद्यानं नव्हती. पहिलं, यलोस्टोनचं, १८७२ मध्ये झालं. आपल्याकडच्या गावोगावच्या देवरायांशी ही कल्पना किती जुळते, हे थोरोला कळतं तर तो हरखून गेला असता.

खारीची लागवड

शेतकऱ्यांना एक कोडं होतं. पाइनचं रान तोडलं की तिथे ओक उगवतात. ओक तोडले की पाइन. पेरतं कोण? बी नसतानाही झाडं आपोआप उगवतात, असं मानणारे शिकलेले लोकही तेव्हा होते. वर्षानुवर्षांच्या चालीतून थोरोने उत्तर गोळा केलं. पाइनचं पंख असलेलं बी वाऱ्यावर येतं. ओकची जड फळं खारी आणि ब्लू जे नावाचे निळे पक्षी दूर नेऊन पाइनच्या सावलीत पुरून ठेवतात, आणि त्यांतली काही विसरतात. पाइनखाली ओकची इवली रोपं दरवर्षी उगवतात आणि उन्हाअभावी खुरटतात. वरचं झाड गेलं की तीच उसळी घेतात. २० सप्टेंबर १८६० रोजी तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात, गुराढोरांच्या गर्दीत, थोरोने हे व्याख्यान दिलं. समोर बसलेल्यांत सोळा वर्षांपूर्वीचा वणवा आठवणारे निश्चितच असणार. रान जाळणारा माणूस आज त्यांना रान परत कसं येतं ते सांगत होता.

त्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्याने डार्विनचा नवा ग्रंथ वाचला होता. बियांच्या प्रवासावर मोठं पुस्तक लिहायचं त्याने घेतलं. थंडी पडली तरी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी बसून तो वाढीची वलयं मोजत होता. कोणतं रान किती वर्षांचं, कशाच्या जागी काय आलं, ते ताडत होता. ३ डिसेंबर १८६० रोजी असाच बुंध्यांवर वाकलेला असताना त्याला थंडी बाधली. सर्दीचा खोकला झाला आणि घराण्यात ठाण मांडून बसलेल्या क्षयाने डोकं वर काढलं. हवापालट म्हणून तो पुढच्या उन्हाळ्यात दूर मिनेसोटाला जाऊन आला. उपयोग झाला नाही. ६ मे १८६२ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. मे महिना म्हणजे तिकडचा फुलांचा महिना, त्याच्या नोंदींचा ऐन हंगाम. बियांवरचं त्याचं अपुरं हस्तलिखित छापून यायला १९९३ साल उजाडलं.

तळ्याचं पुढे काय झालं

त्याच्या मागे तळ्याची पुष्कळ परवड झाली. १८६६ मध्ये रेल्वे कंपनीने एका टोकाला झोके, नाचघर असं करमणुकीचं ठिकाण काढलं. १९२२ मध्ये इमर्सनच्या आणि इतर घराण्यांनी भोवतालची सुमारे ऐंशी एकर जमीन राज्याला देऊन टाकली आणि तळं वाचलं. १९४५ मध्ये खोपटीच्या चुलीचा पाया उकरून निघाला. १९९० च्या सुमारास रानाच्या कडेला कचेऱ्या आणि घरं उभी राहणार होती; डॉन हेन्ली या गायकाने पुढाकार घेऊन त्या जागा विकत घेण्याची चळवळ केली. कॉन्कॉर्डच्या परिसरात आज थोरोच्या काळापेक्षा कितीतरी अधिक रान आहे, कारण पडीक टाकलेली शेतं त्याने सांगितलेल्या क्रमानेच पुन्हा झाडांनी भरली.

आणि त्या तारखा? बॉस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी एकविसाव्या शतकात थोरोच्या नोंदी घेऊन त्याच वाटांवर फिरले. आता तिथली फुलं सरासरी आठवडाभर आधी उमलतात. थोरोने नोंदवलेल्या वनस्पतींपैकी सुमारे २७ टक्के कॉन्कॉर्डमधून नाहीशा झाल्या, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. हवामान बदलतंय हे एका गावाच्या पातळीवर इतक्या नेमकेपणाने सांगणारी दीडशे वर्षांपूर्वीची मोजपट्टी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ती एका रिकामटेकड्या माणसाच्या रोजच्या चार तासांतून तयार झाली.

खोपटीचा खर्च अर्ध्या सेंटपर्यंत मांडणाऱ्या थोरोच्या हिशेबात दोन हजार डॉलरांचा तो वणवा कुठेच नाही. त्याने गावाची माफी मागितल्याचंही दिसत नाही. चारशे रोपांनी तीनशे एकर भरून निघत नाहीत, हे तर उघडच आहे. पण त्या दिवसानंतर तो अठरा वर्षं जगला आणि त्यातला बराच काळ त्याने त्या रानाची विचारपूस करण्यात घालवला. शेवटचं आजारपणही रानाची वलयं मोजतानाच जडलं. फेडायची नियत असलेल्या माणसाचंच हे वागणं म्हणायला हवं.

वॉल्डनच्या पायवाटेवर आता दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आहे. दरवर्षी येणाऱ्या लाखो पावलांनी उतार ढासळू लागले, म्हणून ते घालावं लागलं. थोरोवरच्या प्रेमापोटी आलेली पावलंच ती! आपल्या सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून सोन्यासारखं होतं, आणि तिथेही गडावर जाणारी तरुण पोरं दगडांची चूल मांडून चहा ठेवतात. त्यांच्यातला प्रत्येक जण रानावर प्रेम करणाराच असतो. थोरोही होता. चूल विझवून, राखेवर पाणी ओतून, हात लावून ती गार झाली की नाही ते पाहून मगच पुढची वाट धरावी, एवढं तरी त्याच्या त्या एप्रिलमधल्या दिवसापासून शिकण्यासारखं आहे.